तिसऱ्या हौदाचं पाणी

भट्टी चार दिवस थंड होती, आणि थंड भट्टीच्या घराला एक वेगळाच वास येतो. ओल्या सुताचा, राखेचा आणि हात रिकामे असलेल्या माणसांचा. लग्न होऊन या रंगाऱ्यांच्या घरात आल्यापासून आईला तो वास दोनदाच आला होता. एकदा सासरे गेले तेव्हा आणि एकदा लेक गेली तेव्हा. सासरे वर गेले होते. लेक तळ्यापलीकडे गेली होती.

आज ती लेक यायची होती.

यायची म्हणजे राहायला नव्हे, जबाब घ्यायला. पाणीखात्याचा शिपाई सकाळीच कागद देऊन गेला होता. दुपारी तीन वाजता तपासनीस येतील, घरातल्या सगळ्यांनी हजर राहावे. आईला वाचता यायचं, तरी तिनं तो कागद सुनेकडून दोनदा वाचून घेतला. तपासनिसाचं नाव त्यात नव्हतं. गरजही नव्हती. त्या तळ्याला तपासनीस एकच होती.

अकरा वर्षं आई रोज सकाळी सात वाजता गच्चीवर सूत वाळत घालायला जात होती. सूत दहा वाजतासुद्धा वाळत घालता आलं असतं. पण सातला पलीकडच्या पायऱ्यांवर एक बाई उतरायची, वाकून बाटली भरायची आणि उन्हाकडे धरून बघायची. तळं होतं तरी केवढं, हाक मारली तर आवाज पोचावा, शब्द मात्र पाण्यातच विरून जावेत, एवढं. आईनं हाक कधी मारली नाही. ती सुताची लड झटकायची, जरा जास्तच जोरात. पलीकडची बाई बाटली घेऊन उभी राहायची, जरा जास्तच वेळ. एवढ्या शिदोरीवर अकरा वर्षं निघाली होती.

खरं तर रंगाचा हात लेकीचा होता. सात वर्षांची असताना ती डोळे मिटून सुताला हात लावायची आणि सांगायची, "अप्पा, ह्याला अजून एक बुडी हवी." अप्पा गल्लीभर मिरवायचे तिला. आणि वेळ आली तेव्हा कारखाना मुलाच्या नावावर केला. लेकीनं फक्त विचारलं, का? अप्पांना उत्तर देता आलं नाही, म्हणून ते ओरडले. तीही ओरडली. बापाचाच घसा तो. "पुन्हा या दारात दिसू नकोस," असं एक वाक्य अप्पांच्या तोंडून निघून गेलं आणि ते परत तोंडात घालणं त्यांना आजतागायत जमलं नव्हतं.

"दूधवाल्याची फार पंचाईत झाली म्हणे," मामा म्हणाले.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. कोर्टात पस्तीस वर्षं नकला लिहून निवृत्त झालेले. बोलताना दर चौथ्या वाक्याला कुठलंतरी कलम आणायचे म्हणून भाचरांनी त्यांना कलममामा करून टाकलं होतं. ते पुढच्या खोलीत, सुताच्या गठ्ठ्यावरच बैठक मारून बसले होते.

"का? त्याला काय झालं?" सुनेनं विचारलं.

"अगं, सगळ्या गावाचे नळ निळे. आणि ह्याचं दूधही निळं! आता बोल म्हणावं, पाणी घालत नाही म्हणून."

सून हसली आणि लगेच नवऱ्याकडे बघून गप्प झाली. मुलगा खिडकीशी उभा होता. खिडकीतून तळं दिसायचं, गावाच्या नळांना पाणी देणारं. चार दिवसांपूर्वी सकाळी सातला ते नेहमीसारखं होतं आणि दहाच्या सुमारास ऊन चढलं तसं आतून कुणी शाई सोडावी तसं निळं होत गेलं. सात जण दवाखान्यात गेले, त्यात एक चार महिन्यांचं पोर. पोर काल घरी आलं, म्हणून आज हसायला तरी येत होतं. नळ अजून बंद होते. टँकरपाशी रांगेत उभी राहिलेली माणसं सून घागर घेऊन गेली की बोलायची थांबत.

"मामा, नीट सांगा," मुलगा म्हणाला. "काय होऊ शकतं?"

मामांनी चष्मा काढला. कायदा सांगताना ते चष्मा काढत. पाठ आहे, वाचावा लागत नाही, हे समोरच्याला कळावं म्हणून. "जो कोणी सार्वजनिक झऱ्याचं किंवा तळ्याचं पाणी आपण होऊन घाण करील, आणि त्यामुळं ते नेहमीच्या वापराला पूर्वीइतकं योग्य राहणार नाही, त्याला कैद, दंड किंवा दोन्ही. फौजदारी आहे, बाळा. नगरपालिकेची पावती फाडून सुटायचं काम नाही."

"वाहत्या पाण्याला लागत नाही ना ते?"

"नदीला लागतं की नाही यावर मोठमोठे वकील भांडलेत. पण हे तळं आहे. जागेवर बसलेलं. आपल्यासारखं." मामांनी चष्मा परत चढवला. "सगळी मेख 'आपण होऊन' मध्ये आहे. ज्यानं पाणी सोडलं त्याला ठाऊक होतं की नव्हतं? नव्हतं, तर वाचला. तिसऱ्या हौदाची चावी कुणी फिरवली आदल्या दिवशी?"

"कोण फिरवणार? अप्पाच," मुलगा म्हणाला. "चाळीस वर्षं दुसऱ्या कुणी हात लावलाय?"

आई कोपऱ्यात बसून लडीची गाठ सोडवत होती. गाठ नव्हतीच, तरी सोडवत होती.

या घराचे तीन हौद सासऱ्यांनी खणलेले. रंगाचं उरलेलं पाणी पहिल्यात पडायचं, दुसऱ्यात निवळायचं, तिसऱ्यात पत्र्याच्या सावलीत राहायचं. मग त्यात पांढरा धागा बुडवायचा. धागा पांढराच राहिला तर चावी फिरवून पाणी तळ्यात सोडायचं, नाहीतर आणखी आठ दिवस थांबायचं. पण निळीचं सूत लबाड असतं. हौदातून काढताना पिवळट दिसतं आणि वारा लागला की निळं पडतं. म्हणून सासऱ्यांनी नियम घातला होता, धागा उन्हात धरायचा, एक ओवी म्हणून होईपर्यंत. घड्याळ नव्हतं तेव्हाचा नियम. ओवी आई इथंच शिकली आणि तिनं ती लेकीला शिकवली.

हौदाच्या काठावरी धागा धरीते उन्हाला,
पाणी झालं का निर्मळ, लेक पुसे माउलीला.

धागा बघायचे अप्पाच. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांमागचा पडदा झिजायला लागला. पिवळं आणि पांढरं त्यांना एकच दिसायला लागलं, मग निळं आणि काळं. रंगाऱ्याला रंग दिसेनासे व्हावेत! डॉक्टरांनी फक्त आईला बोलावून सांगितलं. "कुणाला कळता कामा नये," अप्पा म्हणाले होते. एवढंच. तेव्हापासून अप्पा हौदापाशी उभे राहून खाकरत, ऐटीत धागा बुडवत, आणि हळूच विचारत, "काय गं?" आई सांगायची, "पांढरा." खांदाही गेला होता त्यांचा, म्हणून चावीही तीच फिरवायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा काम करतोय आणि म्हातारी सोबतीला उभी आहे.

तळं निळं झालं त्याच्या आदल्या दिवशी चार वाजले होते, ऊन उतरत होतं. आईनं धागा हातात घेतला, उन्हाला धरणार, तेवढ्यात पलीकडच्या पायऱ्यांवर लेक दिसली. अवेळी, बाटली नाही, पेटी नाही. येऊन नुसती बसली. गुडघ्यांवर हनुवटी टेकवून, लहानपणी रुसली की बसायची तशी. आईची मूठ ओल्या धाग्यावर मिटली. "काय गं?" अप्पांनी विचारलं. "पांढरा," आई म्हणाली. आणि तिकडे बघता बघता तिनं चावी फिरवली.

ओवी म्हटलीच नाही.

तीन वाजता दाराची कडी वाजली. आत यायला कडी वाजवावी लागावी, हेच आईच्या काळजात गेलं.

लेक उंबऱ्याबाहेर उभी होती. लांबून आईला ती नेहमी सडपातळ दिसायची. जवळून दिसलं, ती नुसती वाळली होती. कानामागं केस पांढरे झाले होते. हातात खात्याची पेटी आणि फाईल.

"आत येऊ का?" तिनं कुणाकडेच न बघता विचारलं.

सगळे अप्पांकडे बघायला लागले. अप्पा खुर्चीत ताठ बसले होते, नजर दाराच्या जरा डावीकडे. "सरकारी माणसाला कोण अडवणार?" ते म्हणाले.

"ये, ताई," मुलगा पुढे झाला. "बस. पाणी..." आणि अडखळला. घरात पाणी टँकरचं होतं.

"माझ्याकडे आहे," लेक म्हणाली आणि टेबलापाशी बसली. ती खुर्ची तिचीच होती पूर्वी. तिनं फाईल उघडली. "तळ्यात सापडलेला रंग तुमच्या तिसऱ्या हौदात सापडला. त्यावर वाद नाही. मला दोन गोष्टी लिहून न्यायच्यात. चावी कुणी फिरवली, आणि पाण्यात काय आहे हे त्याला माहीत होतं का."

मामा खाकरले. "बाळ, एक विचारू? ही केस तुझ्याकडे दिलीच कशी? नात्यातल्या माणसानं चौकशी करायची नाही, असा दंडक आहे."

लेकीनं पेनचं टोपण काढलं, परत लावलं. "साहेबांनी विचारलं होतं. रंगारी तुमच्या ओळखीचे का म्हणून."

"मग?"

"नाही म्हणून सांगितलं."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. आईनं लड मांडीवरून खाली ठेवली, परत उचलली. अकरा वर्षांत ती हे शंभर वेळा स्वतःशी बोलून चुकली होती, की पोर आपल्याला विसरली असेल. पण मनाशी बोललेलं आणि कानांनी ऐकलेलं यांत फरक असतो.

"बरोबरच सांगितलंस," अप्पा म्हणाले. "लिहा, बाई. चावी मी फिरवली. धागा पांढरा होता. वापरातली नीळ होती, ती निवळलेली होती. पुढं काय?"

"पण हा रंग निळीचा नाही," लेक म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात काहीतरी हललं. कामातली गोडी म्हणावी असं काहीतरी. "पाण्यासारखा दिसतो. सावलीत ठेवा महिनाभर, काही दिसणार नाही. ऊन लागलं की फुलतो. नवीन आहे, महाग आहे. हा इथं आणला कुणी?"

"उन्हाचा रंग?" अप्पांची मान वळली. "तो मी या घरात येऊ देणार नाही म्हणून बजावलं होतं."

मुलगा खिडकीकडे बघत राहिला. मामा घाईनं म्हणाले, "हे बघा, त्यात जायची गरज नाही. अप्पांना माहीत नव्हतं. म्हणजे 'आपण होऊन' नाही. वय ऐंशीला टेकलेलं. कोर्ट समज देऊन सोडेल. रंग कुणी आणला हा प्रश्नच..."

"मामा, म्हणजे अप्पांना पिंजऱ्यात उभं करायचं?" सून म्हणाली.

"उभं कशाला, खुर्ची देतात म्हाताऱ्यांना."

"सकाळी तूच म्हणालीस ना," मुलगा बायकोवर उखडला, "की अप्पांचं नाव लागलं तर काही होणार नाही!"

"म्हणाले. तेव्हा ताई समोर बसल्या नव्हत्या." सुनेनं पदर खोचला. "आणि रंग आला त्या दिवशी मी काय म्हणाले होते, तेही सांगा. अप्पांना एकदा सांगून टाका म्हटलं होतं की नाही? रात्रीचा आणून दुसऱ्या डब्यांत ओतलात. निळीच्या डब्यांत!"

"ऑर्डर हातची गेली असती!" मुलगा ओरडला. आणि मग आवाज उतरला. "ताई, मला तुझ्यासारखं नुसतं हात लावून कळत नाही गं. मला तयार रंगच लागतो. अप्पांपुढे ते कबूल करायचं कसं?"

लेक त्याच्याकडे बघत राहिली. या घरातून निघताना ती भावाशी एक शब्द बोलली नव्हती. चोर समजून गेली होती त्याला. आता त्या चोराच्या बोटांवर निळीचे तेच डाग होते, जे एके काळी तिच्या बोटांवर असायचे.

"मला विचारायला यायचंस," ती हळू म्हणाली.

"कुठं? पलीकडे? पोहत?"

मामांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. लेकीचे ओठही जरा हलले. आईला ते दिसलं. एवढ्यासाठी जन्म गेला तरी चालेल असं वाटायला लावणारं ते एवढंसं हलणं होतं.

"लिही," मुलगा म्हणाला. "रंग मी आणला. लपवून आणला. पण चावी अप्पांनी फिरवली, हेही खरं आहे. त्यांनी धागा उन्हात धरला असता तर कळलं असतं. नियम त्यांचाच आहे."

"धरला होता!" अप्पा कडाडले.

"मग निळा कसा पडला नाही?"

अप्पांचा हात खुर्चीच्या बाजूला चाचपडत आईच्या दिशेनं आला आणि मध्येच थांबला. आईला कळलं. 'सांगू नकोस' म्हणून आला होता तो हात.

लेकीचं पेन कागदाला टेकलं. ती लिहिणार होती. कागदावर एकदा आलं की बापाचं नाव राहणार होतं. म्हातारा खोटं बोलला, किंवा म्हाताऱ्यानं नियम मोडला, दोन्हीतलं एक. आणि ती पेटी उचलून जाणार होती. पुन्हा सकाळी सात, पुन्हा मध्ये तळं. तेवढं तरी राहिलं असतं. आई बोलली तर तेही राहील की नाही कुणास ठाऊक. आपल्या आईला पोलिसांच्या हवाली करून कुठली लेक रोज पलीकडे येऊन उभी राहील?

"थांब," आई म्हणाली. "ह्यांना धागा दिसत नाही."

"अक्का..." मामा म्हणाले.

"दोन वर्षं झाली. पिवळं, पांढरं, निळं, काळं, काही कळत नाही ह्यांना. धागा मी बघते. चावी मी फिरवते." ती उठली नाही. लड मांडीवर तशीच होती. "त्या दिवशीही मीच फिरवली."

अप्पांनी तोंडावर हात घेतला. मुलगा त्यांच्याकडे बघत होता, आणि किती वेळा आपण त्यांच्या तोंडासमोर सूत नाचवून 'बघा, कसा चढलाय रंग' म्हणालो आणि ते 'ठीक आहे' म्हणाले, हे त्याला आत्ता आठवत असावं. तो जाऊन त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसला.

मामा मात्र उजळले. "मग तर प्रश्नच मिटला! तुला कुठं ठाऊक होतं तो उन्हाचा रंग आहे म्हणून? लिही बाळ, अजाणता..."

"अजाणता नाही," आई म्हणाली. "रंग कुठला ते नव्हतं माहीत. पण न बघता पाणी सोडायचं नाही, हे माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत आहे. मी बघितलं नाही."

"का?" लेकीनं विचारलं. तिच्या हाताखालचा कागद कोरा होता. "तू कधीच असं करायची नाहीस. मी घाई केली तर पाठीत धपाटा घालायचीस. का नाही बघितलंस?"

"तुझ्याकडे बघत होते."

लेकीनं पेन खाली ठेवलं.

"पायऱ्यांवर बसली होतीस. चारला. मला वाटलं, बरं नाही की काय. काही झालंय की काय. उठलीस तेव्हा पाय ओढत गेलीस." आईचा आवाज आता कुठं फाटला. "तोवर हौद रिकामा झाला होता गं."

लेक म्हणाली, "दुपारी माझी पाळी नव्हती त्या दिवशी." आणि थोडं थांबून, "कामासाठी नव्हते आले मी."

तिनं जबाब लिहिला. सावकाश, एकेक वाक्य वाचून दाखवत, जसं कुणाही परक्या बाईला दाखवलं असतं तसं. रंग मुलानं आणला, लपवून ठेवला. धाग्याची परीक्षा आईनं अपुरी केली. चावी फिरवली. परीक्षेचा नियम ठाऊक होता. 'तुझ्याकडे बघत होते' हे तिनं लिहिलं नाही. 'लक्ष दुसरीकडे होते' असं लिहिलं. मुलानं सही केली, मग आईनं. अक्षर तिरकं आलं.

"दोघांना बोलावतील," मामा पडेल आवाजात म्हणाले. "मी येतो बरोबर. मुद्दाम केलेलं नाही, हे मांडता येईल. पोरही बरं आहे आता. पण हमी कशाची देऊ?"

"देऊ नका," आई म्हणाली.

लेकीनं जबाब फाईलमध्ये घातला. पेटी बंद केली. आईला वाटलं, आता उठेल. पण तिनं पेटी परत उघडून एक कोरा कागद काढला आणि त्यावर लिहायला लागली.

"हे आणखी काय?" अप्पांनी विचारलं. पेनचा आवाज त्यांना ऐकू येत होता.

"अर्ज. साहेबांना. हे प्रकरण माझ्याकडून काढून दुसऱ्या कुणाकडे द्यावं म्हणून."

मामा पुढे वाकले. "कारण द्यावं लागेल. आणि आधी नाही म्हणाली होतीस. ते तुझ्यावर शेकेल, बाळ. नोकरीवर येईल."

"येईल," लेक म्हणाली आणि लिहीत राहिली.

लिहून झाल्यावर तिनं सवयीनं कागद हातात धरून वाचायला सुरुवात केली. "'सदर चौकशी माझ्याकडे ठेवू नये, ही विनंती. प्रकरणातील आरोपी ही माझी आई आहे. ही गोष्ट मी विचारले असता लपवली होती.' खाली सही."

आई उठून टेबलापाशी आली. कागदावर बोट ठेवावं असं तिला वाटलं, पण शाई ओली होती.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

"सगळं?"

"'आरोपी'पासून."

लेकीनं कागद जरा जवळ घेतला. "'आरोपी ही,'" ती म्हणाली, आणि पुढचे तीन शब्द वाचायला तिला फार वेळ लागला.